बोलतं पायताण

आमच्या गल्लीत पायताण दोन तऱ्हेचं असायचं, मुकं आणि बोलतं. मुकं म्हणजे साधं, रोजचं. बोलतं म्हणजे चालताना करकर वाजणारं. संकेश्वरच्या बाजारात पोतं पसरून माझे वडील विकायला बसायचे ते सगळे जोड मुके असायचे. बोलतं पायताण विकायचं नसतंच, असं ते म्हणत.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. निपाणी आणि संकेश्वरच्या मधल्या एका गावात आमची सात घरांची गल्ली, आणि सातही घरांत चपलांचं काम. पुरुष तळ कापायचे, शिवायचे. बायका वरच्या पट्ट्यांच्या वेण्या घालायच्या. खिळ्याचं काम नाही, सगळी शिलाई चामड्याच्याच वादीनं. गाव कर्नाटकात, पायताण कोल्हापुरी, आणि त्याच्यावर हक्क सांगायला दोन्हीकडचे हौशी लोक तयार. पण आरी घेऊन जमिनीवर बसायची वेळ आली की आमच्या गल्लीशिवाय कोणी पुढं येत नसे.

आवाज काढायची रीत सांगायला सोपी आहे. दोन तळांच्या मध्ये कडक वाळवलेल्या चामड्याची बोटभर पट्टी घालायची. ती किती वाळलेली हवी, कुठं बसवायची, तिच्या जवळचा टाका किती ओढायचा, हे मात्र आप्पांच्या बोटांनाच माहीत होतं. टाका जरा घट्ट बसला की आवाज मेला, जरा सैल राहिला की पायताण शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं ओरडतं. गल्लीत आणखी दोघांतिघांना ते जमायचं, पण आप्पांच्या हातचा आवाज भरीव असायचा. आई म्हणायची, माणूस वळणावर असतानाच तिला कळतं की पायात आपल्या घरचा जोड आहे.

या आवाजाचे पैसे घ्यायचे नाहीत आणि कुणी मागितला म्हणून तो द्यायचा नाही, अशी चाल होती. करणाऱ्याच्या मनात आलं तर तो घालणार. नवरदेवाला घालायचा, कुस्ती मारून आलेल्या पैलवानाला घालायचा, कुणाच्या अडीअडचणीला धावून गेलेल्या माणसाला घालायचा. गावातला एक बडा शेतमालक तोंडाचा फार फाटका होता. त्याला आप्पांनी जन्मभर मुकं पायताण दिलं. तो दरवर्षी विचारायचा, "का रं, वाजत कसं न्हाय ह्ये?" आप्पा हात जोडून म्हणायचे, "चामडंच मुकं निघालं मालक, मी तरी काय करू?" तो गेला की आई तोंडाला पदर लावून हसायची. आमच्या लोकांच्या हातात सूड घ्यायला एवढंच होतं, पण तेवढं मात्र पक्कं होतं.

हे सगळं मी आता मोठ्या तोऱ्यात लिहिते आहे. अठराव्या वर्षी मला यातल्या एकाही गोष्टीचा अभिमान नव्हता. होती ती लाज, आणि तीसुद्धा चुकीच्या गोष्टीची.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. गल्लीतनं कॉलेजला गेलेली मी पहिली मुलगी. बेळगावात मुलींच्या वसतिगृहात राहायचे. वडील काय करतात असं विचारलं की मी सांगायचे, "लेदरचा बिझनेस आहे." बिझनेस म्हटलं की माणूस गादीवर, हिशेबाच्या मेजामागं बसलेला दिसतो, पायाच्या अंगठ्यात वादी धरून ओढणारा दिसत नाही. दोन वर्षं या एका शब्दावर माझं छान निभावलं.

एका रविवारी आप्पा न कळवता आले. हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि पायात बोलतं पायताण. जन्मभर दुसऱ्यांना बोलतं घालून स्वतः मुक्यात फिरलेला माणूस. त्यांच्या तरुणपणी आमच्यातल्या कुणी वाजतं पायताण घालून गावातनं जायची प्राज्ञा नव्हती. पुढं काळ बदलला तरी त्यांनी स्वतःसाठी कधी केलं नव्हतं. लेकीचं कॉलेज बघायला जायचं म्हणून पहिल्यांदा केलं. हे मला आईनं नंतर सांगितलं. तेव्हा मला फक्त आवाज ऐकू आला. वसतिगृहाचा लांबलचक व्हरांडा, खाली फरशी, आणि त्या टोकाकडून करकर करकर येतेय. मुली दारांतनं डोकावायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "अगं, कुणीतरी त्या दाराला तेल घाला गं!" सगळ्या हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसले.

मग ते पुढं आले आणि मला हाक मारली. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना जवळजवळ ओढतच फाटकाबाहेर नेलं. चटणी घेतली. मी म्हणाले, "आप्पा, हे घालून परत येऊ नका इकडं."

"का गं? टोचतंय व्हय कुणाला?" ते हसत म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "बरं, न्हाय घालत."

पुढच्या वेळी आले तेव्हा पायात मुकं होतं. माझा जीव भांड्यात पडला. हे मी लपवत नाही, तेव्हा खरोखर तसंच वाटलं होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी असताना मुंबईहून एक बाई आमच्या गल्लीत आल्या. खादीची साडी, खांद्याला झोळी, केस पोरासारखे कापलेले. इंग्रजी फर्डं, हिंदी चांगलं, मराठी नावापुरतं. त्यांची एक संस्था होती. खेड्यापाड्यांतल्या कारागिरांकडून हातानं केलेल्या वस्तू घ्यायच्या, मधल्या दलालाला फाटा द्यायचा, आणि परदेशातल्या चांगल्या दुकानांत त्या विकायच्या. करणाऱ्याला त्याच्या कष्टाचं रास्त मोल मिळालं पाहिजे असा त्यांचा नेम. आई खाट झटकायला धावली तर बाई सरळ आप्पांसमोर जमिनीवर बसल्या. एक जोड हातात घेतला, वेणीवरनं बोट फिरवलं, आणि हिंदीत विचारलं, "याचा दर काय घ्यायचा? तुम्ही सांगा."

आप्पांनी हातातली आरी खाली ठेवली. निपाणीचा व्यापारी यायचा तो उभ्यानंच जोड उचलायचा, वाकवायचा, नाक मुरडायचा, परत खाली टाकायचा आणि दर तोच सांगायचा. आमच्याकडच्यांनी फक्त मान हलवायची. मला वाटलं आप्पांना हिंदी कळलं नाही, म्हणून मी मराठीत सांगायला गेले.

"कळलं गं मला," ते म्हणाले. "पर आजवर कुणी इचारलंच न्हवतं."

आणि संकोचून त्यांनी जो दर सांगितला तो व्यापाऱ्याच्या दरापेक्षाही कमी निघाला. आईला ठसका लागला. बाई हसल्या आणि दर त्यांनीच वाढवला. साठ जोड ठरले. नमुना म्हणून त्या एक जोड झोळीत घालून घेऊन गेल्या, घरात होता तोच, मुका. कागदपत्रं मी इंग्रजीत भरून दिली. बाईंनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि पत्रव्यवहार यापुढं तुझ्याशीच करीन म्हणाल्या. मी चार दिवस हवेत होते.

जूनमध्ये मी बेळगावला परत गेले. पुढं काय झालं ते दिवाळीत घरी आल्यावर कळलं. सातही घरांनी मिळून साठ जोड केले, पण दोन तळांमध्ये पट्टी बसवायचं काम आप्पांनी कुणाला दिलं नाही. साठच्या साठ जोडांत त्यांनी स्वतः आवाज घातला. शेजारचे काका म्हणाले, "अरं, एवढ्या लोकांस्नी बोलतं? वळख ना पाळख." आप्पा म्हणाले, "ज्या बाईनं खाली बसून दर इचारला, तिच्या मानसांस्नी मुकं घालू व्हय? लोक काय म्हणतील आपल्याला?" तीन महिने ते त्यात गुंतले होते. आई सांगत होती, प्रत्येक जोड पायात घालून अंगणात चालून बघायचे, आणि मनासारखा वाजला नाही की उसवायचे.

दिवाळीच्या पाडव्याला पोस्टमननं पाकीट आणून दिलं. गल्ली गोळा झाली. मी उंबऱ्यावर बसून पत्र वाचायला लागले, मनातल्या मनात.

बाईंनी लिहिलं होतं की काम फार देखणं झालं आहे. पण सगळे जोड चालताना आवाज करतात. परदेशातली गिऱ्हाईकं ते खराब माल समजून दुकानात परत आणत आहेत. नमुन्याच्या जोडाला आवाज नव्हता, मग या जोडांना कसा? शिवण्यात काही दोष राहिला का? आणि शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'यामागे आम्हाला माहीत नसलेलं काही कारण असेल तर कृपया कळवा. म्हणजे दुकानांना तसं समजावून सांगता येईल.'

ती शेवटची ओळ मी नीट वाचली होती. नजरेतून सुटली म्हणायला जागा नाही.

"काय म्हणत्यात?" आप्पांनी विचारलं.

"माल पोचला. छान झालाय म्हणतात."

"आन् आवाज?"

"आवडला. पण तिकडं घरोघरी गालिचे असतात, त्याच्यावर वाजत नाही. पुढच्या खेपेला मुकेच पाठवा म्हणतात, उगाच तुम्हाला त्रास."

"असं हाय व्हय," आप्पा म्हणाले. त्यांचं तोंड जरा उतरलं, पण लगेच ते काकांना म्हणाले, "बघ, आपल्या तरासाचा इचार करत्यात."

संध्याकाळी मी उत्तर लिहायला बसले. मला इंग्रजी येत होतं. आमच्याकडं पायताणाला आवाज घालतात तो मानाचा असतो, तो विकत मिळत नाही, तुम्हाला तो आपण होऊन दिलेला आहे, एवढी तीन वाक्यं लिहिण्यापुरतं तर नक्कीच येत होतं. शब्दांची अडचण नव्हती. पण लेखणी हातात घेतली आणि मला तो व्हरांडा आठवला, दारांतनं डोकावणारी तोंडं आठवली. त्या कापल्या केसांच्या बाईंनी मला या करकरीच्या बाजूला उभं केलेलं मला नको होतं. मी वेगळी आहे, शिकलेली आहे, तुमच्यातली आहे, असं त्यांना वाटायला हवं होतं. मी लिहिलं:

'हे जोड करणारा माणूस म्हातारा आणि निरक्षर आहे. शिलाईत त्याच्याकडून चूक झाली. त्याला तुमच्या गिऱ्हाइकांची आवड समजत नाही. यापुढे असं होणार नाही याची मी स्वतः काळजी घेईन. त्याच्या वतीनं मी क्षमा मागते.'

जोड करणारा माणूस. वडील असं लिहायलाही माझा हात धजला नाही. आणि म्हातारा म्हणजे किती, तर तेव्हा त्यांच्या मिशीत जेमतेम पांढरं दिसायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा संकेश्वरला निघाले होते. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. घरात गोंद नव्हता, म्हणून पोस्टात चिकटवून टाका असं सांगितलं. त्यांनी ते टोपीत ठेवलं आणि टोपी नीट बसवली.

पुढचा माल मुका गेला आणि कुणाची तक्रार आली नाही. शिमग्याच्या सुमारास बाई पुन्हा आल्या. नेमकी मीही तेव्हा घरी होते. नवीन कामाचं बोलणं झालं, गल्लीतली सगळी भोवती बसलेली, आणि बाईंनी सहज आप्पांना हिंदीत विचारलं, "तुमच्या मुलीनं लिहिलं होतं, मागच्या वेळी शिलाईत चूक झाली म्हणून. मला एक समजत नाही. साठ जोडांत तीच चूक, डाव्या-उजव्या दोन्ही पायांत? आणि आवाज सगळ्यांचा सारखा? म्हणून म्हटलं, तुमच्याच तोंडून ऐकावं."

"चूक?" शेजारचे काका उसळले. "कसली चूक? अवो बाई, त्यो आवाज म्हंजे..."

"चूकच झाली, बाईसाब," आप्पा मध्येच म्हणाले. "माझीच. हात म्हातारा झालाय आता."

काका आप्पांकडं बघत राहिले. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घालून वेणी विणायला लागली. बाई अजून वाट बघत होत्या. त्यांना उत्तर पटलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते पत्र लिहिताना निदान मी एकटी होते. इथं आप्पा समोर होते, आणि माझं एक वाक्य पुरलं असतं. मी "पाणी आणते" म्हणाले आणि आत गेले. आत माठापाशी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. बाहेर आले तेव्हा बाई निघून गेल्या होत्या.

त्या रात्री सगळे नेहमीसारखे जेवून झोपले. मला वाटलं, आप्पांना माझं पत्र आत्ता, बाईंच्या तोंडून कळलं, आणि त्यांनी तिथल्या तिथं मला सांभाळून घेतलं. कित्येक वर्षं मी तेच समजत होते. त्यातही माझी सोय होती, कारण मग तो एका क्षणाचा मोठेपणा ठरत होता आणि त्यावर काही बोलायची गरज उरत नव्हती.

त्यानंतर आप्पांनी कुणालाच बोलतं पायताण केलं नाही. नवरदेव येऊन गेले, पैलवान येऊन गेले. "आता जमत न्हाय" म्हणायचे. मग गल्लीत इतरांनीही सोडलं. आप्पांनीच सोडलं म्हटल्यावर आपण कशाला, असं झालं. बाईंच्या संस्थेचं काम मात्र येत राहिलं. घरांवर कौलं आली, माझं शिक्षण पुरं झालं, आणि मी बेळगावातच एका शाळेत नोकरीला लागले. इंग्रजी शिकवायचे.

नोकरीला तीन-चार वर्षं झाली असतील. निपाणीच्या स्टँडवर मला आमच्या गावच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी भेटले. निवृत्त झाले होते. मी वाकून नमस्कार केला.

"इंग्रजी शिकवतीस म्हणं," ते म्हणाले. "मला तवाच वाटलं हुतं. तुझं ते मुंबईला धाडलेलं पत्र मी बघितलंय."

मी म्हणाले, "कुठलं पत्र, गुरुजी?"

"आप्पा घेऊन आलते की माझ्याकडं. संकेश्वरला जाता जाता. पाकीट उघडंच हुतं. म्हणाले, पोरीनं लिवलंय, इंग्रजी बराबर हाय का तेवढं बघा. मी वाचलं. काय लिवलंय ते सांगा म्हणाले, म्हणून मराठीत सांगितलं." गुरुजींनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी त्यांस्नी म्हणालो हुतो, आप्पा, ह्ये टाकू नगा, पोरीला दुसरं लिवाय लावा. ऐकलं न्हाय त्यांनी. माझ्याकडनंच गोंद लावून घेतला."

बेळगावची गाडी लागली होती. ती मी सोडली आणि गावाकडच्या गाडीत बसले.

आप्पा अंगणात होते. डोळ्यांना आता कमी दिसायचं, म्हणून उजेडाकडं तोंड करून बसायचे. माझ्या अवेळी येण्याचं त्यांना नवल वाटलं. मी चपला काढल्या, त्यांच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, "आप्पा, ते पत्र गुरुजींनी तुम्हाला वाचून दाखवलं होतं?"

त्यांची आरी थांबली. कुठलं पत्र, असं त्यांनी विचारलं नाही.

"व्हय," ते म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

मला रडू आवरेना. "मग टाकलंत कशाला? फाडून टाकायचं होतं! माझ्या दोन मुस्काटात द्यायच्या होत्या!"

"फाडू?" आप्पा म्हणाले, आणि मी काहीतरी भलतंच बोलल्यासारखं माझ्याकडं बघत राहिले. "आपल्या घरातनं इंग्रजीत गेलेलं पयलं पत्र ते, पोरी. ते कसं फाडू?"

मग त्यांनी वादीचं टोक बोटांनी चाचपून शोधलं आणि पुढचा टाका घातला.